ब्रेकची नळी आणि गंज

म्हैसूर शहरालगतची चामुंडी टेकडी शहराच्या पातळीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. तिचा वळणावळणाचा रस्ता उतरताना जुन्या पिकअप गाडीच्या ब्रेकची खरी परीक्षा होते.

पेडल दाबले की पायाचा जोर ब्रेक ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. हे ऑइल पोलादी नळ्यांमध्ये भरलेले असते. नळ्या चासीला क्लिपांनी बांधलेल्या असतात. क्लिपांखाली चिखल व ओल साचते आणि गंज तेथेच, नजरेआड, नळी कुरतडत राहतो. हलक्या ब्रेकला अशी नळी टिकते. मात्र उतारावर पेडल जोराने दाबताच ती फुटू शकते. मग ऑइल बाहेर पडते व पेडल खाली जाते. ब्रेकची रचना दुहेरी असेल तर निम्मे ब्रेक उरतात. परंतु भरलेल्या गाडीला ते पुरतीलच असे नाही.

शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. सतत ब्रेक दाबल्याने ऑइल तापून त्याची वाफ होते, आणि वाफ दबत असल्यामुळे जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. हाच ओलावा नळीला आतूनही गंजवितो.

दसऱ्यातील आयुधपूजेला म्हैसुरात गाड्या धुऊन हार घालतात. त्याच वेळी बॅटरी घेऊन गाडीखालीही पाहावे. नळीवर खवल्यांसारखा गंज दिसल्यास त्यावर रंग न लावता नळीच बदलावी.