पहिल्या पगाराआधी खात्याविषयी

चिपळूण, रविवार

चि. स्नेहल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला लागलीस हे तुझ्या आईने, म्हणजे ताईने, फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. कात्रपहून सकाळी निघायचं, बदलापूरला लोकल पकडायची आणि अंबरनाथला उतरून शेअर रिक्षा, हे सगळं तुला झेपेल, त्याची मला काळजी नाही. ताई बोलता बोलता म्हणाली, की कंत्राटदाराच्या माणसाने एका बँकेचा फॉर्म हातात दिलाय आणि सोमवारी सही करून मागितलाय. म्हणून हे पत्र लगेच लिहायला घेतलं. फोनवर या गोष्टी नीट सांगता येत नाहीत आणि लिहिलेलं तुझ्याजवळ राहील.

बँकेच्या उल्हासनगर शाखेत काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. कॅम्प पाचच्या जीन्सच्या कारखान्यांत शिलाई करणाऱ्या बायका, गजानन मार्केटमधले हमाल, फर्निचर बाजारातले सुतार अशी माणसं रोज समोर यायची. त्यांच्यापैकी बहुतेकांना जे खातं हवं होतं ते मागावं कसं हेच ठाऊक नसायचं. ‘साहेब, एक खातं उघडा’ म्हणायचं आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही करायची. तू तसं करू नकोस. काउंटरवर जाऊन स्पष्ट सांग: मला बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट हवंय. हे पूर्ण नाव पाठ कर. नुसतं ‘झिरो बॅलन्स’ म्हणालीस तर त्या नावाखाली बँकेची दहा प्रकारची खाती असतात आणि त्यातल्या काहींच्या कार्डाला वर्षाची फी असते.

हे बेसिक खातं म्हणजे कोणाची मेहेरबानी नाही. रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये बँकांना ‘नो फ्रिल्स’ खाती उघडायला सांगितलं होतं, २०१२ मध्ये त्यांचं हे बेसिक खातं केलं आणि २०१९ मध्ये नियम आणखी स्पष्ट केले. किमान शिल्लक ठेवायची नाही. पैसे कितीही वेळा भरावेत. महिन्याला निदान चार वेळा काढणं फुकट. एटीएम-डेबिट कार्ड फुकट, त्याला वार्षिक फीही नाही. गरिबीचा दाखला लागत नाही, कोणीही मागू शकतं. अट एवढीच, की त्याच बँकेत तुझं दुसरं बचत खातं असता कामा नये. असेल तर तीस दिवसांत ते बंद करावं लागतं. जनधनची खातीही याच जातीची. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या जनधन खात्याच्या रुपे कार्डावर दोन लाखांचा अपघात विमा असतो, पण त्यासाठी अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. कपाटात ठेवलेल्या कार्डाचा काही उपयोग नाही.

पैसे काढायच्या त्या चार वेळांचं मात्र आधी विचारून घे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ मध्ये अभ्यास करून दाखवलं होतं, की स्टेट बँक अशा खात्यांवर चारच्या पुढच्या प्रत्येक खर्चाला १७ रुपये ७० पैसे लावत होती, आणि त्यात यूपीआयने दिलेले पैसेही धरत होती. वीस रुपयांची भाजी घ्यायची आणि त्यावर जवळजवळ तेवढाच आकार द्यायचा! त्या माणसाने हे आकडे काढून लोकांपुढे मांडले, त्याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. म्हणून खातं उघडतानाच विचार: यूपीआय आणि दुकानातलं कार्ड या चारांत मोजता का? ‘नाही’ म्हणाले तर ते दरपत्रकात कुठे लिहिलंय तेही दाखवायला सांग.

आता कंत्राटदाराच्या त्या फॉर्मविषयी. तो पगाराच्या खात्याचा असेल. पगार येतोय तोवर शिल्लक शून्य चालते, हे खरं. पण कंत्राटी नोकरी आज आहे, उद्या दुसरीकडे. सलग काही महिने, बहुतेक बँकांत तीन, पगार जमा झाला नाही की तेच खातं साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक मागू लागतं. ती किती, हे शाखा कुठल्या गटात बसते त्यावर ठरतं. बदलापूर अजून गावासारखं आहे, नदी आहे, मागे डोंगर दिसतात, म्हणून बँक त्याला गावात धरील असं समजू नकोस. लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली की ते शहर आणि दहा लाखांच्या वर महानगर, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. २०११ च्या जनगणनेत बदलापूर पावणेदोन लाखांच्या घरात होतं, अंबरनाथ अडीच लाखांच्या आणि उल्हासनगर पाच लाखांच्या. तिन्ही शहरंच. कल्याण-डोंबिवली तर दहा लाख ओलांडून गेलेलं. याचा अर्थ तुझ्यासारखीच्या पगाराकडे बघून नाही, तर शाखेच्या पत्त्याकडे बघून आकडा ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या आणि शहरांतल्या नव्या खात्यांसाठी सरासरी शिल्लक पन्नास हजार केली होती. ओरड झाल्यावर ती पंधरा हजारांवर आणली. पंधरा हजार तरी तुझ्या हातात महिनाभर पडून राहतील का? उलट स्टेट बँकेने किमान शिल्लकीची अट मार्च २०२० मध्येच काढली, आणि २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा, इंडियन या बँकांनीही बचत खात्यांवरचा तो दंड उठवला. सरकारी बँकेत रांग लांब असते, मान्य. तरी तुझ्यासाठी मला तीच रांग बरी वाटते.

किमान शिल्लक नाही म्हणजे सगळं फुकट, असंही नाही. गेल्या दिवाळीत ताईचं पासबुक बघत बसलो होतो. तिचं साधं बचत खातं, शिल्लक कधी हजार, कधी आठशे. एका ओळीत २३६ रुपये वजा: कार्डाची वर्षाची फी दोनशे आणि वर अठरा टक्के जीएसटी. खाली पंधरा दिवसांनी २३ रुपये ६० पैसे. ताईला काही आठवेना. तारखेवरून लागलं, की त्या दिवशी तिने स्टेशनबाहेरच्या एटीएममध्ये खात्यात शिल्लक नसताना हजाराचा आकडा टाकून पाहिला होता. पैसे आले नाहीत आणि न आल्याचे पैसे गेले. धुण्याभांड्यांची दोन कामं करून आणलेले ते पैसे. मला त्या दोन ओळी अजून खुपतात. तू दर महिन्याला पासबुक भरून घे आणि वजा बाजूची प्रत्येक ओळ वाच. वीस रुपये आणि ४३६ रुपये दिसले तर घाबरू नकोस, ते प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विम्याचे हप्ते असतात. वीस रुपयांचा अपघात विमा जरूर घे. पण सह्यांच्या गठ्ठ्यात त्याचा कागद कोणता होता ते तुला माहीत असलं पाहिजे.

साधं बचत खातं घ्यायचीच वेळ आली तर एटीएमचा हिशेब असा: स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत तीन, इतरत्र पाच. पुढे प्रत्येक वेळी जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर जीएसटी, हा दर १ मे २०२५ पासूनचा. नुसती शिल्लक बघणंही या मोजणीत येतं, तेव्हा ती मोबाईलवर बघ. पैसे खात्यातून गेले आणि यंत्रातून आलेच नाहीत, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे बँकेने दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. एटीएमची चिठ्ठी फेकू नकोस. तक्रारीची पोचही घे. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यांचा फोन १४४४८.

तुझे बाबा नागरी सहकारी बँकेचं म्हणतील. आपल्या पट्ट्यात अशा बँका आहेत, काउंटरवर मराठीत आपुलकीने बोलतात, आणि बेसिक खात्याचे नियम त्यांनाही लागू आहेत. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पण बँक आणि पतसंस्था यात गल्लत करू नकोस, पतसंस्थेतल्या पैशाला तो विमा नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा स्वतःच्याच पैशासाठी लोक शाखांसमोर रडताना मी पाहिलेत. पगार यायला कुठलीही बँक चालेल, साठवण मात्र पाच लाखांच्या आत आणि विमा असलेल्या ठिकाणीच.

कार्ड मिळालं की पिन तू स्वतः एटीएमवर जाऊन बदल, सुपरवायझरला किंवा मैत्रिणीला सांगू नकोस. ऑनलाइन आणि परदेशी वापर नव्या कार्डावर बंदच असतो, गरज नसेल तर तसाच राहू दे. कधी पैसे परस्पर गेले तर त्याच दिवशी बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळव. तुझ्या चुकीशिवाय बाहेरून कोणी पैसे उडवले आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंस, तर नुकसान तुझ्यावर पडत नाही.

सोमवारी फॉर्म देऊ नकोस. ‘माझा खातेक्रमांक चार दिवसांत आणून देते’ एवढंच सांग, पगार कुठल्याही बँकेत जमा करता येतो. आधार, पॅन, दोन फोटो घेऊन घराजवळच्या शाखेत जा, नॉमिनीत ताईचं नाव घाल. आणि ताईलाही बरोबर ने. तिचं जुनं खातं बेसिकमध्ये बदलून द्यावं असा साधा अर्ज तिच्याकडून लिहून घे, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर शिक्का मारून मागून घे. काउंटरवरची मुलगी ‘असं होत नाही’ म्हणाली तर वाद न घालता मॅनेजरला भेट आणि तिथूनच मला फोन लाव.

तुझा,
मामा