हिवाळ्यातील ऊब आणि घराची सुरक्षितता

आजारावर उपचार करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहेच. परंतु टाळता येण्याजोग्या अपघातांविषयी समाजास सावध करणे हेही तितकेच आवश्यक आहे, अशी आमची धारणा आहे. भाजलेल्या रुग्णाचा उपचार दीर्घ व खर्चिक असतो. जखमेची वारंवार मलमपट्टी, प्रसंगी त्वचारोपण आणि आखडलेल्या सांध्यांचे व्यायाम यांत कित्येक महिने जातात. देणगीदारांच्या औदार्याने खर्चाचा भार हलका होतो. वेदनेत मात्र कोणालाही वाटेकरी होता येत नाही. म्हणून हा विषय आम्ही यंदा निवडला आहे.

बंद खोलीतील धोका

दि. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागून १० बालके दगावली. त्यांतील काही भाजून, तर इतर धुराने गुदमरून गेली. ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच धूर प्राण घेतो, हा या दुर्घटनेचा धडा रुग्णालयांप्रमाणेच प्रत्येक घरास लागू आहे.

कोल्हापूर परिसरात दिवाळीनंतर पहाटेचा गारठा वाढतो. दारे-खिडक्या बंद होतात आणि त्याच वेळी विस्तव माणसाच्या जवळ येतो. बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आजही आढळते. बंद खोलीतील धुमसत्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग अथवा वास नसतो. डोके दुखणे, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे होत. झोपेत असलेल्यास तीही जाणवत नाहीत. माता व बालकास शेक द्यावयाचाच असेल तर खिडकी उघडी ठेवावी, कोणीतरी जागे राहावे आणि शेक संपताच शेगडी घराबाहेर न्यावी. गॅस गिझरही हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात बसवू नये.

विस्तव आणि सरपण

पाण्याचा बंब व चूल यांच्याजवळ शेणी, चिपाडे किंवा रॉकेलचा डबा ठेवू नये. पेटत्या विस्तवावर रॉकेल कधीही ओतू नये. चुलीजवळ बसताना पदर खोचून घ्यावा. कृत्रिम धाग्यांची शाल टाळावी. शेकोटी कडब्याच्या गंजीपासून व गोठ्यापासून दूर पेटवावी आणि निघताना पाणी ओतून विझवावी. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे पाचटाच्या खोप्यांत राहतात. तेथे चूल खोपीबाहेर, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी आणि पाण्याची भरलेली घागर हाताशी ठेवावी. शेतमालकांनी व मुकादमांनी याकडे जातीने लक्ष द्यावे.

गॅस आणि वीज

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. पाणी तापविण्याचा विजेचा रॉड बादलीत असताना पाण्यास हात लावू नये. आधी बटण बंद करून पिन काढावी.

दुर्घटना घडल्यास

कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. खोलीत धूर भरल्यास वाकून किंवा रांगत बाहेर पडावे. भाजलेल्या भागावर नळाचे साधे पाणी सुमारे २० मिनिटे सोडावे. लहान मुलाचे उरलेले अंग मात्र कोरड्या कापडाने उबदार ठेवावे. सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठ्या काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप किंवा हळद लावू नये. फोड फोडू नयेत आणि कातडीस चिकटलेले कापड ओढू नये. जखम स्वच्छ कापडाने सैलसर झाकून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अग्निशमन दलासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील लहानांनाही पाठ असावेत.

या सूचनांपैकी बहुतेकांस पैसा लागत नाही. लागते ती केवळ रोजची दक्षता. झोपण्यापूर्वी विस्तव विझला का, रेग्युलेटर बंद आहे का आणि खिडकीची एक फट उघडी आहे का, एवढे पाहण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांनी हा मजकूर घरी मोठ्याने वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.