परमुलुखातला छापखाना, घरचा वाचक

स्वदेश सोडून परक्या भूमीवरून वृत्तपत्र काढणाऱ्या संपादकांचा विषय निघाला की आपल्याला लंडन, पॅरिस, जिनिव्हा अशी दूरची शहरे आठवतात. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ साली लंडनहून ‘इंडियन सोशियॉलॉजिस्ट’ काढले, मादाम कामांनी १९०९ साली जिनिव्हाहून ‘वंदे मातरम्’ काढले, हे आपण शाळेतच वाचलेले असते. परंतु आपल्या नांदेड-लातूरच्या माणसाला परमुलूख गाठण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. १९४८ पर्यंत लातूरकराचा परमुलूख बार्शीला सुरू होत होता आणि नांदेडकराचा पैनगंगेपलीकडे उमरखेडला. या परमुलुखात जाऊन मराठवाड्यासाठी पत्र काढणाऱ्या एका संपादकाचा, आणि त्या पत्राला पुढे घरी रुजवणाऱ्या दुसऱ्या संपादकाचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. पहिले आ. कृ. वाघमारे आणि दुसरे अनंत भालेराव. पत्राचे नाव ‘मराठवाडा’.

मी इतिहासाचा विद्यार्थी. घर लातूरचे, शिक्षण नांदेडचे. आमच्या घरातली जुनी माणसे ‘मोगलाई’ आणि ‘खालसा’ हे दोन शब्द सहज वापरत. मोगलाई म्हणजे निजामाचे राज्य, खालसा म्हणजे इंग्रजी मुलूख. लहानपणी मला ते दोन देश वाटत, आणि व्यवहारात ते तसे होतेही. निजामाचे टपाल वेगळे, तिकिटे वेगळी, नाणे वेगळे. आपल्याकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली मोजावे लागत. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि मालावर जकात द्यावी लागे. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली, मनमाडहून निघणारी गाडी नांदेडवरून हैदराबादकडे जात असे; म्हणजे माणसे आणि गाठोडी या दोन मुलुखांत रोज ये-जा करीत. विचारांची ये-जा मात्र दरबाराला नको होती.

१९३८ चे वर्ष

मराठी वृत्तपत्र हैदराबाद संस्थानात मुळीच नव्हते असे नाही. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० साली खुद्द हैदराबादेत ‘निजाम विजय’ सुरू केले होते. पण राजधानीत बसून, दरबाराच्या परवानगीने पत्र चालवणाऱ्याला प्रत्येक ओळ तोलून लिहावी लागे. सभा घेण्यावरसुद्धा बंधन होते. ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या हुकुमाने साध्या जाहीर सभेलाही सरकारी परवानगीच्या दारात उभे केले होते. अशा स्थितीत १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. दुसरे १९३८ साली आपल्या लातूरला आणि तिसरे १९४१ साली नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला झाले. मराठी माणूस एकत्र येऊन बोलू लागला होता. जे बोलले जाई ते छापून गावोगाव पोचवायचे कसे, हा त्यापुढचा प्रश्न होता.

वाघमारे यांनी या प्रश्नाचे उत्तर पुण्यात शोधले. १९३८ साली त्यांनी तेथून ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक सुरू केले. पुण्यात इंग्रजांचा कायदा होता, आणि तोही काही वृत्तपत्रांचा मित्र नव्हता. तरी निजामाच्या पोलिसांचा हात तेथपर्यंत पोचत नव्हता. छापखाना परमुलुखात, विषय घरचे आणि वाचकही घरचे, अशी ही रचना होती. पत्राच्या नावाकडेही पाहावे. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांना एका मथळ्याखाली आणणारे पत्र दर आठवड्याला हातात पडू लागले म्हणजे वाचकाच्या मनात ‘आपला प्रदेश’ ही कल्पना घट्ट होत जाते. ज्या लातूर तालुक्याचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १९८२ साल उजाडावे लागले, त्यालाही हे नाव तेव्हाच मिळाले होते.

हे सारे घडत होते ते वर्ष साधे नव्हते. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून बाहेर काढण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. शिकण्यासाठीही परमुलूख गाठावा लागण्याचे ते दिवस होते.

बंदी आणि नावे

निजाम सरकारने ‘मराठवाडा’वर बंदी घातली. बंदीचा हुकूम पत्राच्या नावाने निघतो. वाघमारे यांनी नाव बदलले आणि पत्र पुन्हा काढले. त्या नावावर बंदी आली, तेव्हा आणखी एक नाव घेतले. हा क्रम एकदा-दोनदा नव्हे, पुनःपुन्हा चालला. मजकूर तोच, हेतू तोच, मथळा नवा. नवा हुकूम निघून तो ठाण्याठाण्यांवर पोचेपर्यंत जेवढा अवधी मिळेल तेवढे अंक हद्दीच्या आत जात.

ऐकायला हे गमतीचे वाटते. पण संपादकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? वृत्तपत्राची पुंजी म्हणजे त्याचे नाव. वर्षानुवर्षे जपलेल्या नावावर वर्गणीदार येतो, जाहिरात येते, उधारी मिळते. ती पुंजी दरवेळी टाकून नव्या नावाने उभे राहायचे, आणि ‘हे आपलेच पत्र’ अशी ओळख वाचकाने नुसत्या मजकुरावरून पटवायची. लेखणीवर आणि वाचकावर एवढा विश्वास असल्याशिवाय हे करता येत नाही.

व्हिएन्नाचे उदाहरण

या पद्धतीचे एक उदाहरण त्याच काळात युरोपात घडत होते. व्हिक्टर आड्लर यांनी १८८९ साली व्हिएन्नात स्थापन केलेले ‘आर्बाइटर-त्साइटुंग’, म्हणजे ‘कामगारांचे पत्र’, हे ऑस्ट्रियाच्या समाजवादी पक्षाचे मुखपत्र होते. १९३४ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने कामगारांचा उठाव तोफा लावून मोडला आणि पक्षावर बंदी घातली. पक्षाचे नेते आणि लेखक ओटो बाउअर हद्द ओलांडून झेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरी गेले. त्याच महिन्यात तेथून ‘आर्बाइटर-त्साइटुंग’ साप्ताहिक म्हणून निघू लागले. लहान आकार, पातळ कागद, म्हणजे घडी घालून लपवता यावा. चोरवाटांनी हे अंक ऑस्ट्रियात पोचत. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि हा मार्ग बंद झाला. बाउअर त्याच वर्षी जुलैत पॅरिसमध्ये वारले.

व्हिएन्नाच्या संपादकाचे पत्र बंद पडण्याचे आणि आपल्या संपादकाचे पत्र सुरू होण्याचे वर्ष एकच आहे. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. तरी ब्रनो आणि पुणे यांनी शोधलेला उपाय सारखा आहे, कारण अडचण सारखी होती.

धाडसाचे तीन प्रकार

आता एक आक्षेप येथेच विचारात घेतला पाहिजे. पुण्यात बसून निजामावर लिहिण्यात धाडस ते कसले, असे कोणी विचारील. हा प्रश्न गैर नाही. हद्दीच्या आत राहून लिहिणाऱ्याला काय मोजावे लागे याचे उदाहरण हैदराबादच्या शोएबुल्लाखान यांचे आहे. ते ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक होते. त्यांनी रझाकारांवर टीका केली आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिहिले. १९४८ च्या ऑगस्टात भर शहरात त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा हात तोडण्यात आला आणि त्यात त्यांचा अंत झाला. हैदराबादचा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

माझ्या मते येथे धाडसाचे तीन वेगवेगळे प्रकार दिसतात. शोएबुल्लाखान यांचे धाडस जिवावरचे होते. वाघमारे यांचे धाडस चिकाटीचे होते. घर-गाव मागे ठेवून, न थकता, नाव बदलत वर्षानुवर्षे पत्र चालवणे ही वेगळी कसोटी आहे. आणि तिसरे धाडस वाचकाचे. बंदी असलेला अंक धान्याच्या पोत्यात किंवा धोतराच्या घडीत लपवून घरी नेणारा, तो ओसरीवर न वाचता माजघरात वाचणारा, आणि वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हाती देणारा माणूस कोणत्याही ग्रंथात नावाने सापडत नाही. तो नसता तर पुण्याचा छापखाना नुसता कागद काळा करीत बसला असता.

परमुलुखातून लिहिणाऱ्यापुढे एक मोहही असतो. पुण्याचा वाचक त्याच भाषेतला, मोकळेपणाने वर्गणी भरू शकणारा आणि मोगलाईच्या कहाण्या ऐकून हळहळणारा होता. त्याच्याचसाठी लिहिणे सोपे होते. अशा लेखनात आपला प्रदेश हळूहळू दुसऱ्याला दाखवण्याची वस्तू होतो. ‘मराठवाडा’चे महत्त्व हे, की ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याच हाती ते पोचवायचे ही अट त्याने सोडली नाही. निजामाने पुनःपुन्हा बंदी घातली, हाच अंक आत पोचत असल्याचा सर्वांत चांगला पुरावा.

घरी परतल्यावर

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. हद्द पुसली गेली. पत्र औरंगाबादेत आले आणि काही वर्षांतच त्याची धुरा अनंत भालेराव यांच्याकडे गेली. भालेराव १९१९ साली वैजापूर तालुक्यात जन्मलेले, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मुक्तिसंग्रामात उतरलेले कार्यकर्ते. लढ्यातला कार्यकर्ता संपादक झाला म्हणजे तो आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या राज्यात काय लिहितो, हे पाहण्यासारखे असते.

भालेराव यांनी राज्यकर्त्यांची भीड ठेवली नाही. मराठवाड्याचा मागासलेपणा, रेल्वे, पाणी, शिक्षण या प्रश्नांवर त्यांनी सतत लिहिले. एका मंत्र्याविषयीच्या लेखनाबद्दल त्यांना शिक्षा भोगावी लागली आणि १९७५ च्या आणीबाणीत तुरुंगवासही घडला. परक्या राज्यात जन्मलेल्या पत्राच्या संपादकाला स्वतःच्या राज्यात तुरुंग पाहावा लागला! याचा अर्थ स्वातंत्र्य व्यर्थ गेले असा मी करीत नाही. परमुलुखात शिकलेला धडा पत्र घरी आल्यावरही विसरले नाही, असा करतो.

भालेराव यांचे ग्रंथलेखनही मोठे आहे. १९८७ साली आलेला ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा त्यांचा ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. वृत्तपत्रातला मजकूर उद्या रद्दीत जातो हे जाणणाऱ्या संपादकाने तो ग्रंथात बांधून ठेवला. १९९१ साली ते वारले. पुढे ‘मराठवाडा’ही बंद पडले आणि आज ते निघत नाही. व्हिएन्नाला १९४५ साली परतलेले ‘आर्बाइटर-त्साइटुंग’ देखील १९९१ साली थांबले. दोन्ही पत्रे आपापल्या गावी परतली, दोघांनीही घरी काही दशके संसार केला, हे समाधान आहे.

आपल्यासाठी

आज नांदेडहून, लातूरहून पुण्याला जाणाऱ्या गाड्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी जातो, कोणी नोकरीसाठी. हद्द नाही, नाका नाही. जाण्यात काही गैर नाही; वाघमारेही गेलेच होते. आपल्यातले काही जण तेथे राहून लिहितील, पत्रकार होतील. त्यांनी आपल्या प्रदेशाविषयी लिहिताना एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा: हे माझ्या गावच्या माणसाच्या हाती पडले तर त्याला ते आपले वाटेल काय, की आपल्याला कोणाला तरी दाखवले जात आहे असे वाटेल? ‘मराठवाडा’च्या कहाणीतून मी एवढी एक कसोटी घेतली आहे.

दुसरी गोष्ट कामाची आहे. नाव बदलत निघालेल्या पत्राचे अंक एका नावाखाली ग्रंथालयात सापडणे अवघड असते, आणि बंदी असलेला अंक तर वाचून झाल्यावर बहुधा चुलीत जाई. तरीही आपल्या आजोळच्या माळवदावर, लाकडी पेटीच्या तळाशी, वह्यांच्या आत घातलेल्या कागदांत काही अंक उरलेले असू शकतात. या दिवाळीच्या सुटीत घरच्या पेट्या झाडताना जुना छापील कागद दिसला तर मथळा ओळखीचा नाही म्हणून तो रद्दीत टाकू नका. तारीख पाहा, कोठे छापला ते पाहा. पुण्यात छापलेला, १९३८ ते १९४८ मधला आणि आत बातमी आपल्या तालुक्याची असेल, तर तो आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणून द्या.