बोट हलण्याच्या एक सेकंद आधी



"सर, मी नाही केलं, हात आपोआप गेला!" हे उत्तर आम्ही दर आठवड्यास ऐकतो. बहुतेक वेळा त्यात काही दम नसतो. पण हात आपोआप गेला की हलवला, हे तपासण्याची रीत शास्त्रज्ञांनी शोधली आहे आणि ती इयत्ता ७ वीच्या सरासरीवर उभी आहे.

प्रथम शब्दांविषयी. इंदुरात आपण घरी मराठी व बाजारात हिंदी बोलतो, म्हणून येथे गोंधळ होतो. हिंदीतील मांसपेशी म्हणजे मराठीत स्नायू. हिंदीत 'स्नायु' हा शब्द मज्जातंतूंसाठीही वापरतात. मराठीतील पेशी म्हणजे हिंदीतील कोशिका. आमची पदवी हिंदी माध्यमातून झालेली, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मेंदूच्या पेशी व स्नायूंचे तंतू काम करताना सूक्ष्म वीज निर्माण करतात. कातडीवर लहान चकत्या चिकटवून ती मोजता येते. मेंदूच्या आलेखास ईईजी म्हणतात, स्नायूच्या आलेखास ईएमजी. माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी हान्स बर्गर यांनी जर्मनीतील येना येथे १९२४ साली घेतला व १९२९ साली प्रसिद्ध केला. स्नायूचा संकेत त्यामानाने दणकट असतो, मिलिव्होल्टपर्यंत जातो. मेंदूचा संकेत कवटी ओलांडून बाहेर येतो, म्हणून फार क्षीण असतो. तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. पापणी लवली तरी त्याहून मोठी लाट उठते.

१९६४ साली जर्मनीतच, फ्रायबुर्ग येथे, हान्स कोर्नहुबर व त्यांचे तरुण विद्यार्थी ल्यूडर डेके यांना प्रश्न पडला की माणूस स्वतःच्या मर्जीने बोट हलवतो, त्याच्या आधी मेंदूत काय घडते? अडचण अशी की बोट केव्हा हलणार हे आधी कोणासच ठाऊक नाही. मग "आधीचे" मोजायचे कसे?

त्यांनी केलेली युक्ती आम्हास फार आवडते. मेंदूचा व बोटाच्या स्नायूचा संकेत एकाच चुंबकीय फितीवर नोंदवला आणि ती फीत उलटी चालवली! उलट्या फितीवर स्नायूची हालचाल आधी येते व मेंदूची तयारी नंतर. स्नायूचा संकेत आला की तेथे शून्य मानायचे व तेथून मागचा मेंदूचा आलेख घ्यायचा. असे शेकडो आलेख एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली.

सरासरी कशासाठी? समजा, मेंदूतील इतर गडबड ४० मायक्रोव्होल्टची आहे आणि आपल्याला हवा तो संकेत फक्त ८ चा. एका आलेखात तो दिसणारच नाही. पण गडबड कधी वर, कधी खाली, कशीही असते. १०० आलेखांच्या सरासरीत ती १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० पटीने घटते व ४ वर येते. संकेत मात्र दर वेळी त्याच जागी असल्यामुळे ८ च राहतो. ४०० आलेख घेतले तर गडबड २ वर येईल. (वर्गमूळ कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.)

निकाल असा निघाला की बोट हलण्याच्या सुमारे एक सेकंद आधीपासून मेंदूत एक संथ लाट चढू लागते. दुसऱ्याने आपले बोट हलवले तर ती आधीची लाट दिसत नाही. १९६५ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्या लाटेचा नेमका अर्थ काय, यावर विशेषतः २०१२ पासून पुन्हा वाद सुरू आहे, पण लाट असते याबद्दल वाद नाही.

आता पालकांनी व शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. काही मुले सारखी डोळे मिचकावतात, खांदा उडवतात, घशातून आवाज काढतात. डॉक्टर याला टिक म्हणतात. १९८१ साली ओबेसो, रॉथवेल व मार्सडेन यांनी टूरेट विकाराच्या रुग्णांवर हीच तपासणी केली. टिक येण्यापूर्वी नेहमीची ती लाट मिळाली नाही. त्याच रुग्णांना आपल्याच टिकची मुद्दाम नक्कल करावयास सांगितले, तेव्हा मिळाली. हालचाल दिसावयास तीच, पण मेंदूतील वाट निराळी! रुग्ण थोडे होते व पुढील अभ्यासांत निकाल अगदी एकसारखे आले नाहीत. तरीही टिक म्हणजे खोडी नव्हे, एवढे आज डॉक्टर निःसंशय सांगतात.

"रागावलं की थांबतो ना, म्हणजे मुद्दामच करतो," असे काही पालक म्हणतात. शिंकही क्षणभर दाबता येते, म्हणून ती मुद्दाम दिलेली ठरत नाही. टिक बहुधा ५ ते ७ वर्षांच्या वयात सुरू होतात, १० ते १२ च्या सुमारास अधिक असतात व पुढे पुष्कळांच्या कमी होतात. ताणाने त्या वाढतात, म्हणजे रागावून उलटेच होते. टिक ओळखण्यासाठी ईईजी लागतोच असे नाही. डॉक्टर मुलाला पाहून व विचारपूस करून निदान करतात, म्हणून महागड्या तपासण्यांमागे धावू नये.

अशा मुलास वर्गात कोणी चिडवले, तर तक्रार थेट आमच्याकडे आणावी. परीक्षेत त्याला वेगळ्या खोलीत बसायचे असेल, तर पालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी जोडून कार्यालयात अर्ज द्यावा.