घटक ४ : जुन्या संगणकावरील मराठी संहिता – संपादक व सेटिंगमधील दोषांचे निदान

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला जुन्या घरगुती संगणकावर मराठी मजकूर बिघडलेला का दिसतो याचे निदान करता येईल. मजकूर खरोखर नष्ट झाला आहे की केवळ दिसेनासा झाला आहे, हा भेद ओळखता येईल. आणि सेटिंग बदलताना मूळ संहितेला धक्का लागू न देण्याची रीत सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मौखिक साहित्याच्या अभ्यासकाला संगणकाचे ज्ञान कशाला हवे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका कल्पित उदाहरणाने शोधू.

समजा, पालघर जिल्ह्यातील चांदीप या वसई-विरार परिसरातील गावी राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने पंधरा-वीस वर्षांपूर्वी आसपासच्या पाड्यांवर फिरून वारली लग्नगीते उतरवून घेतली. वारली विवाहात धवलेरी ही स्त्री गीते म्हणते आणि विधीही चालवते. ही गीते विद्यार्थिनीने घरच्या संगणकावर टंकलिखित केली. वह्या पुढे पावसाळ्यात भिजल्या, गाणाऱ्या स्त्रियांपैकी वयोवृद्ध होत्या त्या निवर्तल्या. आज पदवीच्या प्रकल्पासाठी तिने तो जुना संगणक सुरू केला, फाइल उघडली आणि पडद्यावर गीतांऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा दिसला. अशा वेळी घाबरून केलेली पहिली कृती बहुधा सर्वांत महागात पडते. काही तरी बदलावे, पुन्हा जतन करावे, जमले नाही तर विंडोज नव्याने टाकावे, असा सल्ला देणारे शेजारी सर्वत्र असतात. त्यांचे आभार मानावेत आणि संगणकाला तूर्त हात लावू देऊ नये.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ अक्षर, संकेत आणि टंक

कागदावर 'म' लिहिला की तो 'म' असतो. संगणकात मात्र तसे नाही. तेथे साठवला जातो तो एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाला कोणता आकार द्यायचा हे टंक, म्हणजे आपण ज्याला फॉन्ट म्हणतो तो, ठरवतो. युनिकोडपूर्व काळातील शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या टंकांनी रोमन अक्षरांचेच क्रमांक वापरले आणि त्यांवर देवनागरी आकार बसवले. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या स्मृतीत ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरेच असतात. टंक आहे तोवर 'मराठी' दिसते. टंक काढला की ती पाच अक्षरे उघडी पडतात.

याचा अर्थ असा की, आपल्या विद्यार्थिनीची गीते नष्ट झालेली नाहीत. संगणक एकदा दुरुस्त करताना विंडोज नव्याने बसवले गेले असेल आणि तेव्हा जुना टंक गेला असेल. तोच टंक मिळवून कंट्रोल पॅनेलमधील फॉन्ट्स या विभागातून बसवला, तर गीते पुन्हा दिसतील. 'तोच' या शब्दावर भर आहे. प्रत्येक कुळाची आकारव्यवस्था निराळी असल्यामुळे शिवाजीत लिहिलेला मजकूर कृतिदेवने वाचता येत नाही.

भारतीय लिप्यांसाठी समान संकेतव्यवस्था असावी म्हणून १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या जिस्ट तंत्रज्ञानाने ते प्रत्यक्ष वापरात आणले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. तथापि घरगुती संगणकापर्यंत ही सोय पोहोचण्यास बराच अवधी लागला. विंडोज ९५ व ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची सोय नव्हती. विंडोज २००० मध्ये मंगल टंकासह ती प्रथम आली. म्हणूनच त्या काळातील घरगुती फाइलींत जुन्या टंकांचेच राज्य आढळते.

४.२.२ लक्षणांवरून निदान

पडद्यावर काय दिसते हे शांतपणे पाहिले, तर दोष कोठे आहे याचा बराच उलगडा होतो. रोमन अक्षरांचा पसारा म्हणजे टंकाचा अभाव, हे आपण पाहिले. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, परंतु देवनागरी टंक उपलब्ध नाही. यातही मजकूर सुरक्षित असतो.

वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला आणि जोडाक्षरे हलन्तांसह सुटी दिसत असतील, तर दोष सेटिंगमध्ये आहे. विंडोज एक्सपीवर हा प्रकार वारंवार आढळतो, कारण त्यात भारतीय लिप्यांची व्यवस्था असली तरी ती बहुधा आरंभी बसवलेली नसे. कंट्रोल पॅनेलमधील रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडून लँग्वेजेस या पानावरील पहिल्या चौकटीत खूण करावी लागते. त्यासाठी संगणक मूळ सीडी मागतो. सीडी हाताशी नसल्यास त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर आय-३८६ नावाचा फोल्डर आहे का ते पाहावे. विक्रेते पुष्कळदा तो उतरवून ठेवत. संगणक पुन्हा सुरू केल्यावर जोडाक्षरे जुळून येतात आणि मंगल टंकही उपलब्ध होतो. मराठी कळफलक त्याच पानावरील डिटेल्स या कळीतून निराळा जोडावा लागतो.

माथ्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' दर दोन चिन्हांनंतर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो निराळा प्रकार होय. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते आणि त्यांतील पहिला बाइट नेहमी सारखाच असतो. संपादकाने ती फाइल चुकीच्या संकेतनात उघडली की तो पहिला बाइट या 'ए'च्या रूपाने डोकावतो. फाइल जतन न करता बंद करावी आणि उघडताना एन्कोडिंगच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडावे.

आता उरले प्रश्नचिन्ह. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह दिसू लागले असेल, तर परिस्थिती गंभीर आहे. नोटपॅडमध्ये देवनागरी मजकूर लिहून तो एएनएसआय या संकेतनात जतन केला, म्हणजे त्या संकेतनात जागा नसलेल्या प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. हा दिसण्यातला दोष नव्हे. फाइलमध्ये आता खरोखरच प्रश्नचिन्हे आहेत आणि कोणताही टंक ती परत 'म' किंवा 'र' करू शकत नाही. नोटपॅड जतन करण्यापूर्वी तशी सूचना देतो, परंतु ती इंग्रजीत असते आणि आपण सवयीने 'ओके' दाबतो. अशा वेळी फाइलची एखादी जुनी प्रत, ईमेलने पाठवलेली जोडणी किंवा छापील कागद शोधणे एवढाच मार्ग उरतो.

४.२.३ सिस्टम एडिटर आणि सेटिंगमधील हस्तक्षेप

विंडोज ९८ वर 'रन'च्या चौकटीत 'सिसएडिट' असे टाइप केले की सिस्टम कॉन्फिगरेशन एडिटर उघडतो. त्यात ऑटोएक्झेक, कॉन्फिग-सिस, विन-आयएनआय आणि सिस्टम-आयएनआय या फाइली एकावर एक मांडलेल्या दिसतात. त्या काळातील कित्येक कार्यक्रम, त्यांत मराठी कळफलकाचे कार्यक्रमही आले, संगणकाबरोबर आपोआप सुरू व्हावेत म्हणून विन-आयएनआयमधील 'लोड' किंवा 'रन' या ओळींत स्वतःचे नाव लिहून ठेवत. पुढे कोणी त्या कार्यक्रमाचा फोल्डर पुसला, तरी ओळ तशीच राहते आणि संगणक सुरू होताना दर वेळी फाइल सापडत नसल्याची तक्रार करतो.

येथे ओळ पुसण्याचा मोह आवरावा. पाठचिकित्सेत हस्तलिखितावर खाडाखोड न करता समासात टीप लिहावी, असा संकेत आहे. येथेही तेच लागू पडते. आयएनआय फाइलीत ओळीच्या आरंभी अर्धविराम दिला, किंवा उर्वरित दोन फाइलींत 'रेम' लिहिले, की संगणक ती ओळ वाचत नाही, परंतु ती फाइलीत कायम राहते. निदान चुकले तर चिन्ह काढून पूर्वस्थितीला येता येते. एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत तारखेसह लिहावा आणि संगणक पुन्हा सुरू करून परिणाम पाहावा. दोन बदल एकत्र केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

रजिस्ट्री एडिटर मात्र याहून अवघड आहे. तेथे केलेला बदल त्याच क्षणी अमलात येतो आणि 'अनडू'ची सोय नसते. म्हणून आधी एक्सपोर्टद्वारे प्रत काढल्याशिवाय त्यात शिरू नये. एक्सपीवर सिस्टम रिस्टोअर उपलब्ध असेल, तर आधी तेच वापरावे. त्याने सेटिंग मागील तारखेला जातात, लिहिलेली कागदपत्रे मात्र जात नाहीत.

अर्थात या सर्वांच्या आधी फाइलींची प्रत दुसरीकडे काढलेली असली पाहिजे. विंडोज ९८ वर पेन ड्राइव्ह वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखला जात नाही; तेव्हा सीडी लिहावी किंवा जाणकाराकडून हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून घ्यावी.

४.२.४ तारखेचा पुरावा

जुन्या संगणकातील मदरबोर्डवर सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची, नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. बॅटरी बदलणे सोपे व अल्प खर्चाचे आहे. परंतु दरम्यान जतन झालेल्या फाइलींवर खोटी तारीख पडलेली असते आणि गीत केव्हा उतरवले हे ठरवू पाहणारा अभ्यासक त्यामुळे फसतो.

अशा वेळी संहितेतील अंतर्गत पुरावा उपयोगी पडतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. फाइलवर तारीख २००२ ची, पण शीर्षकात 'जि. पालघर' असेल, तर तारीख खोटी आहे किंवा शीर्षक नंतर बदलले आहे. उलट 'जि. ठाणे' असा उल्लेख असेल, तर तो चूक समजून दुरुस्त करू नये. तो उल्लेख त्या संहितेच्या काळाची खूण आहे.

४.२.५ युनिकोडमध्ये रूपांतर

मजकूर दिसू लागला की तो युनिकोडमध्ये नेणे इष्ट. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांचे काम डोळे झाकून स्वीकारता येत नाही. जुन्या टंकांत चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवली जातात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी येते आणि 'दर्शन'मधील रफार 'श'नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. रूपांतर करताना हा क्रम उलटावा लागतो आणि चुका नेमक्या तेथेच होतात.

मराठीत एक अडचण अधिक आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हिंदीला अनुसरून केलेली साधने 'ऱ्या'चा 'र्या' करून टाकतात. समुद्र आणि डोंगर दोन्ही जवळ असलेल्या या तालुक्यातील गीतात अशी एक चूक गाण्याचा मुलूखच बदलून टाकील. म्हणून रूपांतरित प्रत मूळ फाइलीशी ओळीओळीने ताडून पाहावी आणि मूळ फाइल, तिच्या टंकासह, स्वतंत्र जतन करावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. रोमन अक्षरांचा पसारा आणि प्रश्नचिन्हे या दोन लक्षणांत मूलभूत फरक कोणता, ते सोदाहरण लिहा.
२. सिस्टम एडिटरमधील ओळ पुसण्याऐवजी निष्क्रिय का करावी?

क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरी अथवा शेजारी असलेल्या जुन्या संगणकावरील एक मराठी फाइल मालकाच्या अनुमतीने निवडा. प्रथम तिची प्रत काढा. नंतर तिचा टंक, संकेतन, फाइलवरील तारीख आणि संहितेतील कालसूचक उल्लेख यांची नोंद करून सुमारे २०० शब्दांत अहवाल लिहा. फाइल उघडली नाही, तरी काय दिसले ते जसेच्या तसे नोंदवा.