'आग्वा' म्हणजे पाणी



स्पॅनिश भाषेत पाण्याला 'आग्वा' म्हणतात. लॅटिनमधील 'आक्वा'पासून हा शब्द आला. आपल्या कानाला त्यात आधी 'आग' ऐकू येते, म्हणून तो लक्षात राहायला सोपा. अर्थ मात्र नेमका उलटा!

खरी गंमत त्याच्या लिंगात आहे. स्पॅनिशमध्ये हिंदीप्रमाणे दोनच लिंगे. नाम पुल्लिंगी असेल तर त्याच्याआधी 'एल' आणि स्त्रीलिंगी असेल तर 'ला' लावतात. 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, तरी 'एल आग्वा' म्हणतात. जुन्या भाषेत 'ला'च्या जागी 'एला' होते. पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जोर दिलेला 'आ' आला की दोन 'आ' एकमेकांत मिसळत आणि 'एल' उरे. म्हणजे हा 'एल' दिसतो पुल्लिंगी, पण मुळात स्त्रीलिंगीच. विशेषण लावले की खरे रूप कळते. थंड पाणी म्हणजे 'एल आग्वा फ्रीआ', 'फ्रीओ' नव्हे. पुष्कळ पाणी 'मूचा आग्वा', हे पाणी 'एस्ता आग्वा'. अनेकवचनात मात्र सरळ 'लास आग्वास'. 'एस्ते आग्वा' ही चूक स्पेनमधले लोकसुद्धा करतात, तेव्हा घाबरू नका.

पालकांनीही इथे थोडे थांबावे. 'पाणी' मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत पुल्लिंगी. म्हणून इंदूरच्या आपल्या घरांत 'नळाला पाणी आला' असे ऐकू येते. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. 'पानी आया' हिंदीत अगदी बरोबर आहे. पण मराठीत 'पाणी आलं'च हवे. शब्दाचे लिंग मूल कानाने शिकते. घरात ते निसटले, तर व्याकरणाच्या तासाला परत आणणे फार कठीण जाते.

आता एक ओळखीची गोष्ट. आपल्या तोंडाला पाणी सुटते, तसेच त्यांच्याही: 'से मे आसे ला बोका आग्वा', म्हणजे माझ्या तोंडाचे पाणी होते. छत्रीला ते 'पाराग्वास' म्हणतात, पाणी थांबवणारी. मेक्सिकोत गरम पाण्याच्या झऱ्यांवरून नाव पडलेले 'आग्वासकालिएंतेस' शहर आहे. पण 'आग्वाकाते' या फळाचा पाण्याशी काही संबंध नाही! तो शब्द मेक्सिकोच्या नाव्हात्ल भाषेतला.

वहीत लिहून मला दाखवा: 'आल्मा' (आत्मा) आणि 'अमीगा' (मैत्रीण) दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. पहिल्यात जोर 'आ'वर, दुसऱ्यात 'मी'वर. 'एल' कोणाला लागेल आणि 'ला' कोणाला?