पुढून दणके देणारी पिकअप

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपला पुढेही पाटेच आहेत. नवे शॉकअप टाकले, तरी खड्ड्यात दणके बसतात. एक पाटा काढून टाकू का?

उत्तर : मुळीच नको. गाडी पुढून बसेल आणि उरलेले पाटे ताणाने तुटतील. आधी टायरमधली हवा मोजा. भरल्या गाडीसाठी मारलेल्या हवेवर रिकामी गाडी आदळतेच. मग पाट्याचं टोक चासीला जोडणारी शॅकल पाहा. ती गंजून जाम झाली की दबणाऱ्या पाट्याला लांबायला जागा उरत नाही, धक्का थेट चासीत जातो. जुन्या गाड्यांचं दुखणं बऱ्याचदा इथेच असतं. बळी मात्र शॉकअपचा! पाटे उतरवून गंज घासा, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, बुश बदला. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळा. थोडी चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासा.